नातू, ग्रेड फोर-डबल-ए

वर्सोव्यात सध्या नातवंडांचे दोन प्रकार आढळतात. एक, सोसायटीच्या आवारात वॉचमनच्या पायावर सायकल घालणारी. दुसरी, न्यू जर्सीत गोठवून ठेवलेली. पहिल्यांबद्दल सेक्रेटरीकडे तक्रारी येतात. दुसऱ्यांचं संध्याकाळी बाकावर नुसतं कौतुक चालतं. ती रडत नाहीत, गुडघे फोडून घेत नाहीत, आणि त्यांना मराठी येत नाही म्हणून कुणी आजी-आजोबांना बोल लावत नाही.

शिवाय त्यांना मार्क मिळालेले असतात. प्रयोगशाळेत पाचव्या दिवशी गर्भ ब्लास्टोसिस्टच्या अवस्थेला पोचला की त्याला ग्रेड देतात. आकडा तो किती फुगला याचा, पहिलं अक्षर ज्यातून बाळ होणार त्या पेशींचं, दुसरं ज्यातून वार होणार त्या पेशींचं. फोर-डबल-ए म्हणजे बोर्डात आल्यासारखंच. पूर्वी नातवाची टक्केवारी सांगायला दहावीच्या निकालापर्यंत कळ काढावी लागे. आता आमच्या यारी रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नातवाचं हृदय सुरू होण्याआधीच मार्कशीट सांगतात. "आमचे तीन आहेत. दोन फोर-डबल-ए आणि एक थ्री-बीबी." थ्री-बीबी म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली जातो. "असू दे हो," बाकावरच्या दुसऱ्या बाई समजूत काढतात, "त्याला कॉमर्सला घाला."

काकू 'नातू' म्हणतात, 'नातवंड' म्हणत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. कसं कळलं, ते विचारायचं नसतं. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, मग 1994 साली केंद्राने केला. त्यामुळे इथला डॉक्टर ते सांगेल तर तुरुंगात जाईल. तिकडच्या तपासणीच्या अहवालात मात्र त्यासाठी एक रकाना असतो, आणि रकाना छापलेला असला की डोळा जातोच. परदेशी जाऊन गर्भ गोठवण्याची कारणं विचारा. करिअर, वय, विमा अशी यादी ऐकवतात. हा रकाना त्या यादीत कुणीच घालत नाही.

तरी कारणं खोटी नाहीत. 2014 साली फेसबुक आणि ॲपलने कर्मचारी स्त्रियांना बीजांडं गोठवण्याचा खर्च देऊ केला, तेव्हापासून तिकडच्या बड्या कंपन्यांत ही सोय दातांच्या विम्यासारखी रुजत गेली. आमच्या पोरांनी पाहिलं, फुकट आहे. पोरं वर्सोव्याची असली तरी मराठीच. मग ग्रीन कार्ड झालं की बाळ, घर घेतलं की बाळ, प्रमोशन झालं की बाळ. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग ज्या वेगाने सरकते तो पाहता हे नियोजन नातवाचं नसून पणतूचं वाटतं, पण आपण कोण बोलणार? काकूंच्या सुनेने रात्री नऊच्या ठोक्याला पोटात इंजेक्शनं टोचून घेतली ती व्हिडिओ कॉलवर. तिकडे ती एका हाताने पोटाची वळी चिमटीत धरायची आणि इकडे सकाळच्या चहासमोर काकू रामरक्षा म्हणायच्या. तेवढ्यापुरती मला त्या कुटुंबाची थट्टा सुचत नाही.

गोठवणं म्हणजे काय, हे वर्सोव्याला कुणी शिकवायला नको असं वाटतं, पण तिथेच गफलत होते. कोळीवाड्याच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या फोडून होड्यांत भरतात ते गोठवणं वेगळं. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. म्हणून गर्भातलं पाणी आधी काढून घेतात, त्यात संरक्षक द्रव भरतात आणि त्याला द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांत, क्षणात बुडवतात. उरलेल्या पाण्याचा बर्फ न होता काच होते. हे मी बाजारात आमच्या नेहमीच्या मावशींना समजावून सांगितलं. त्यांनी पापलेटाचा कल्ला उघडून दाखवला आणि म्हणाल्या, "बर्फ नाय तर ताजा कसा ऱ्हाईल? म्हावरा घे नि घरी जा." गंमत म्हणजे याच यारी रोडवर मत्स्यशिक्षणाची केंद्र सरकारची मोठी संस्था आहे, आणि माशाचा गर्भ गोठवणं हे शास्त्रज्ञांना माणसाच्या गर्भापेक्षा कितीतरी अवघड गेलेलं आहे. त्यात बलक फार. माणसाच्या गर्भात बलक नसतो. जो काही बलक असतो तो आजी-आजोबांत.

तर मुद्दा. काकूंच्या मुलाची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावाल्याला नोकरी गेल्यावर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी धरा, नाहीतर बॅगा भरा. मुलगा-सून निघायच्या तयारीला लागले आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की कुटुंबातले तीन सदस्य निघू शकत नाहीत. अमेरिकेतून आईबापांना जावं लागतं, गर्भाला जावं लागत नाही. त्याला व्हिसा लागत नाही, त्याची मुदत संपत नाही, साठ दिवसांचा नियम त्याला नाही. टाकीचं भाडं वेळच्या वेळी भरलं की झालं. इतक्या सन्मानाने अमेरिकेत राहणारा भारतीय दुसरा दाखवा.

"घेऊन या की इकडे," काका म्हणाले. काका कस्टम्समधून निवृत्त झालेले नाहीत, म्हणून म्हणाले. आयात-निर्यातीच्या यादीत पाचवं प्रकरण आहे. त्यात माणसाचे केस, डुकराचे राठ केस, आतडी, पिसं, हाडं, शिंगं असं क्रमाने येतं. शेवटी 0511 हे कलम: इतरत्र कुठेच न मावणारे प्राणिज पदार्थ, आणि माणसाने खाण्याच्या लायकीचे नसलेले मेलेले प्राणी. याच कलमात बैलाचं वीर्य आहे, माशांचा टाकाऊ भाग आहे, आणि अगदी तळाशी, 'इतर' या घरात, परकीय व्यापार महासंचालनालयाने मानवी गर्भाची सोय लावली. 2015 च्या ऑक्टोबरात तिथेच शेरा पडला: आयात बंद, संशोधनासाठी असेल तरच. फोर-डबल-ए मिळवूनसुद्धा शेजार असा.

त्याआधी मुंबईचा थाट वेगळा होता. परदेशी जोडपी यायची, वांद्रे-अंधेरीच्या क्लिनिकांत त्यांचे गर्भ यायचे, इथल्या बायका ते नऊ महिने वाहायच्या. डॉलर यायचे तोवर कुणाची संस्कृती दुखावली नव्हती. मग दुखावली. 2015 साली परदेशी जोडप्यांसाठी सरोगसीचं दार लावून घेतलं. दार लावताना बाहेर कोण उभं आहे हे कुणी पाहिलं नाही. बाहेर आपलेच उभे होते.

दार लागलं की खिडकी शोधणं हा तर धंदाच आहे. 2019 च्या मार्चमध्ये मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाच्या लोकांनी मलेशियाहून आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेतून नायट्रोजनचं भांडं बाहेर काढलं. आत गोठवलेला मानवी गर्भ. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मला त्यात पंचांची फार दया येते. सोनं पकडलं तर वजन लिहिता येतं, कासव पकडलं तर पाठ मोजता येते. इथे पंचनामा ज्याचा करायचा तो ऐवज मिलिमीटरचा एक-दोन दशांश, आणि झाकण उघडं ठेवून न्याहाळत बसावं तर ऐवजच खलास. "आम्हा पंचांसमक्ष काहीही न दिसल्याने खात्री पटली" असं काहीतरी लिहून सह्या केल्या असतील बिचाऱ्यांनी.

आता तोच ऐवज अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात असता तर? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या फेब्रुवारीत ठरवलं की टाकीतला गोठलेला गर्भ हे मूलच, आणि तो कुणाच्या हातून पडून नष्ट झाला तर आईबाप मृत्यूच्या नुकसानभरपाईचा दावा लावू शकतात. लगोलग क्लिनिकं बंद पडू लागली, तेव्हा तिथल्या विधिमंडळाने घाईघाईने डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा केला. म्हणजे अलाबामात मूल आणि सहार विमानतळावर माशाच्या टाकाऊ भागाचा शेजारी. गर्भ तोच, टाकी तीच, तरी बाळाची बढती-बदली चालू.

आपल्याकडे सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा 2021 चा कायदा आला. त्याच्या 29 व्या कलमात गर्भाच्या देशाबाहेरच्या आणि देशातल्या व्यवहाराला बंदी आहे, फक्त स्वतःचा गर्भ स्वतःच्या वापरासाठी, राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने, हलवता येतो. काकांना ही ओळ सापडली त्या दिवशी त्यांनी खाली येऊन पेढे वाटले. मग परवानगीच्या अर्जाच्या मागे लागले, आणि तेव्हापासून बाकावर दिसलेले नाहीत. त्याच कायद्याने गर्भ दहा वर्षांच्या वर साठवता येत नाही. ब्रिटनने 2022 पासून मुदत पंचावन्न वर्षं केली आहे, आणि अमेरिकेत 1994 साली गोठवलेल्या गर्भातून 2025 च्या जुलैत बाळ जन्मलं. आराम नगरात ऑडिशनच्या रांगेत उभी असलेली निम्मी पोरं त्या बाळापेक्षा लहान निघतील.

परदेशाचं हे कौतुक ऐकताना मला मात्र कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय आठवतात. 3 ऑक्टोबर 1978 रोजी, इंग्लंडच्या लुईस ब्राऊन या जगातल्या पहिल्या टेस्ट-ट्यूब बाळानंतर अवघ्या 70 दिवसांनी, त्यांच्या प्रयत्नातून दुर्गा जन्मली. आणि ती गोठवलेल्या गर्भातून, 53 दिवस ठेवलेल्या. गोठवलेल्या गर्भाचं बाळ पाश्चात्त्यांना 1984 पर्यंत जमलं नव्हतं. बंगाल सरकारने काय केलं? समिती नेमली. समितीने दावा खोटा ठरवला. जपानहून बोलावणं आलं तर जाऊ दिलं नाही. शेवटी बदली केली, ती डोळ्यांच्या संस्थेत. 1981 च्या जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली. मग 1986 साली आपल्या केईएममध्ये बाळ जन्मलं आणि 'देशातलं पहिलं' हा मान मुंबईला मिळाला. त्या कामातले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांच्या नोंदी स्वतः तपासल्या आणि 1997 साली जाहीरपणे सांगितलं, पहिले आम्ही नव्हे, ते. आपला मान असा उतरवून देणारा माणूस कुठल्या प्रकरणात, कुठल्या कलमात बसतो ते यादीत सापडत नाही.

असो. काकूंनी मार्ग काढला आहे. गर्भ टाकीतून येत असेल तर बंदी, सुनेच्या पोटातून येत असेल तर ग्रीन चॅनल. वर्षभर परदेशी राहिलेल्या बाईला 40 ग्रॅमपर्यंतचे दागिने करमाफ आहेत आणि गर्भ तर वजनात धरतच नाहीत. साठ दिवसांत ट्रान्सफर, मग विमान. एक नातू आला. उरलेल्या दोघांचं टाकीचं भाडं दरसाल इथून धाडायचं, कारण मुलाची कमाई आता रुपयांत.

त्यासाठी काका बँकेत गेले. परदेशी पैसे पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, फक्त कारण सांगावं लागतं. यादीत 'वैद्यकीय उपचार' होता, पण उपचार कुणावर चालू नव्हता. 'गुंतवणूक' होती, ती काकांना बरोबर वाटली, पण काकूंनी डोळे वटारले. शेवटी 'परदेशस्थ जवळच्या नातेवाइकांचा निर्वाह' यावर खूण केली.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पाहिला. "नातं?"

"नातू," काका म्हणाले. "दोन."

"अल्पवयीन आहेत?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. "हो. बरेच."

"मग पालकांची सही लागेल," ती म्हणाली, "आणि दोघांचे जन्माचे दाखले."