पितृपक्षातली बॅच

‘वहिनी, काल लग्न कुणाचं होतं?’

भिंतीपलीकडच्या दोरीवर आबांचा पांढरा लेंगा वाळत होता आणि त्याच्या गुडघ्यावरचा जिलबीच्या पाकाचा डाग धुऊनही गेला नव्हता. असले डाग मला लांबूनसुद्धा दिसतात. चष्मा लागतो तो पेपर वाचायला.

‘कुणाचं ते आम्हालाही ठाऊक नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘आम्ही खंड्याच्या परीक्षेला गेलो होतो.’

मग काय, मी गॅसवरचं दूध बंद करून, चहाचा कप घेऊनच आले. आमच्या आणि त्यांच्या बंगल्यामधली भिंत जेमतेम कमरेएवढी आहे. बांधताना दोन्ही घरच्या पुरुषांनी विटांचा खर्च वाचवला, त्याचे उपकार आम्ही दोघी तीस वर्षं फेडतोय.

खंड्या म्हणजे त्यांचा कुत्रा. वहिनींच्या नातीने मे महिन्यात एका मंगल कार्यालयाच्या मागून, खरकट्या पत्रावळ्यांच्या ढिगाजवळून उचलून आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू. काळं-पांढरं म्हणून तिने नाव ठेवलं ओरिओ. आबांनी, म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांनी, एक दिवस ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून खंड्या म्हणायला लागले. आबा मूळचे साताऱ्याचे. थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याचं नाव खंड्या. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात, आणि संगम माहुलीला त्याची समाधी आहे. ‘बिस्किटाच्या नावाची समाधी बांधतं का कुणी?’ हा आबांचा मुद्दा बिनतोड होता.

खंड्याला क्लास का लावला ते मला विचारायला नकोच. ऐन गणपतीत किराणा दुकानासमोर याला मांजर दिसलं, हा धावला, आणि दोर वहिनींच्या मनगटाला गुंडाळलेला. हात प्लॅस्टरमध्ये. यंदाचे त्यांच्या घरचे मोदक मी वळून दिले, त्यामुळे प्रकरण पहिल्यापासून तोंडपाठ.

‘पण पितृपक्षात सुरू केलात ना हो? मी मनात म्हटलं, जरा थांबायचं होतं.’

‘अहो, पितृपक्षातच बॅच असते! लग्नाचं लॉन ते. पितृपक्षात कोण लग्न करतंय? लॉनवाल्याला तेवढंच भाडं सुटतं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागतात, आणि कुत्र्यांना सुट्टी.’

‘फी किती?’

वहिनींनी मागे वळून बघितलं. ‘ते आबांना सांगितलेलं नाहीये,’ म्हणाल्या. म्हणजे बरीच असणार.

पहिल्या रविवारी तर म्हणे कुत्रा आणायचाच नव्हता. रेबीजच्या लसीची नोंद असलेलं पुस्तक आणा, घरातली झाडून सगळी माणसं आणा, कुत्रा घरी ठेवा. आबा इस्त्रीचं जाकीट घालून गेले. सरांनी प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी दिली आणि सांगितलं, तुम्ही कुत्र्याला बसायला काय म्हणता ते लिहा, शेजारच्याचं बघायचं नाही.

‘आमच्याकडची सहा माणसं, सहा उत्तरं,’ वहिनी बोटं मोजायला लागल्या. ‘नातीचं सिट. सूनबाईचं सिट डाऊन बेटा. मुलाचं बस. माझं बस रे सोन्या. आबांचं बैस. आणि मावशी आल्या नव्हत्या, पण त्यांचं मला माहीतच आहे, गप पड मेल्या. सर म्हणाले, कुत्रा ऐकत नाही असं नाही हो आजी, तुमचं एकमत व्हायची वाट बघतोय. आणि सिट डाऊन तर दोन हुकूम झाले. सिट म्हणजे बस आणि डाऊन म्हणजे आडवा हो. त्याने करायचं काय?’

‘मग बस ठरलं असेल.’

‘तेच तर नाही! सर म्हणाले, मराठी घरात बस घेऊ नका. दिवसभर किती वेळा तोंडात येतो बघा. भात वाढताना बस बस. बस चुकली. बस झालं तुमचं. शंभरदा कानावर पडतो आणि पुढे काहीच होत नाही, म्हटल्यावर तो शब्द त्याच्या लेखी पंख्याच्या आवाजासारखा होतो. नात म्हणत होती सिट घेऊ. पण आबांना ते पटेना. म्हणाले, बैस घ्या. बैसला दुसरा अर्थ नाही. आणि ताई, मुलगा लगेच हो म्हणाला.’

हे शेवटचं वाक्य त्या जरा हळू बोलल्या. त्याचं कारण गल्लीला माहीत आहे. बंगला बिल्डरला द्यायचा की नाही हा विषय दीड वर्षापूर्वी निघाला, तेव्हापासून आबा आणि चिरंजीव एकमेकांशी वहिनींमार्फत बोलतात. ‘त्याला सांग, माझं औषध संपलंय.’ ‘आबांना सांग, आणतो.’ दोघं एकाच सोफ्यावर बसलेले. मी त्या विषयात कधी बोलत नाही. बंगला गेला तर ही भिंतही जाईल एवढंच मला कळतं.

मी तिथेच त्या चिठ्ठ्यांचा विचार करायला लागले. आपल्या मराठीत कुत्र्यासाठी खास शब्द किती? जवळ बोलवायला यू यू. हाकलायला हाड. अंगावर घालायला छू. संपलं. तिन्ही उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणायचे. बैलाला चालवायला, वळवायला, थांबवायला वेगवेगळे आवाज होते, कारण त्याच्याबरोबर दिवसभर काम असायचं. कुत्रा दारात. आला तर भाकरी, नाहीतर हाड. त्याला बैस म्हणायची वेळच कधी आली नाही, कारण बसायला जागा दिली होती कुणी? आता तो सोफ्यावर आला आणि आपल्याला एकदम क्रियापदं कमी पडायला लागली, म्हणून सगळे इंग्रजीत शिरले. पोरांशी बोलताना एवढं शुद्ध इंग्रजी येत नाही घरात.

मी हे वहिनींना म्हटलं तर त्या म्हणाल्या, ‘यू यूचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. बोलवायला तेच ठेवलं आम्ही. मला वाटलं सर हसतील. ते म्हणाले, झकास आहे. पॅट्रिशिया मॅककॉनेल म्हणून अमेरिकेतल्या बाई आहेत, त्यांनी निरनिराळ्या भाषांतल्या मेंढपाळांचे, घोडेवाल्यांचे आवाज गोळा करून तपासले. जनावराला पळवायचं असलं, हलवायचं असलं की सगळीकडे तुटक तुटक आवाज, पुन्हा पुन्हा काढलेला. थांबवायचं असलं की एकच लांबडा सूर.’

‘यू यू यू आणि होऽऽ.’

‘बघा! तुम्हाला न शिकता येतं. नाहीतर मी, आठ रविवार गेले तरी चुकते. एकदाच म्हणायचं असतं. बैस, बैस, अरे बैस ना, असं केलं की त्याला वाटतं चौथ्यांदा म्हटल्यावर बसायचं असतं. मी आपली सवयीने. पोरांना कधी पहिल्या हाकेला उठलेलं बघितलंय का आपण?’

‘आणि खाऊ काय देता? दूध-पोळी?’

‘कुठली दूध-पोळी! सरांनी सांगितलं, चिकन उकडून आणा. मी आबांकडे बघितलं नाही. अंडंसुद्धा गच्चीवर खातात हो आमच्याकडे. मग पनीरवर तडजोड झाली. हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा. नाकासमोर धरून डोक्यावरून मागे न्यायचा, मान वर झाली की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की त्याच क्षणी द्यायचा. इथेच आबांची पंचाईत. वय शहाऐंशी. पिशवीतून तुकडा निघेपर्यंत हा परत उभा. मग खंड्या काय शिकला? बसायचं, उठायचं, मग पनीर मिळतं.’

त्यावर सरांनी त्यांना टिकटिक करणारी डबी दाखवली. बसला की टिक, म्हणजे ‘हेच बरोबर’ असं त्याला त्या क्षणी कळतं. पनीर मग सावकाश निघालं तरी चालतं. ही युक्ती डॉल्फिनवाल्यांची म्हणे. कॅरन प्रायर नावाची बाई 1960च्या दशकात हवाईला डॉल्फिन शिकवायची. डॉल्फिनला ना दोर बांधता येत, ना पाठीत धपाटा घालता येत. रागावलात तर तो पोहत लांब जातो. म्हणून शिट्टी आणि मासा. तिचं लिखाण वाचून लोकांत कुत्र्यांसाठीही ही डबी लोकप्रिय झाली. आबांनी डबी घेतली नाही. पेन्शनच्या कागदांवर सह्या करायचं त्यांचं जुनं बटणाचं पेन आहे, त्याची टिकटिक चालवली. चाललीही. फक्त आता सकाळी आबा पेपरातलं शब्दकोडं सोडवायला बसले आणि विचार करता करता पेन वाजवलं की खंड्या असेल तिथून धावत येतो आणि समोर बसून राहतो. कोडं सुटेपर्यंत पाव पाव किलो पनीर जातं.

‘आणि ताई, बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नाही हं. बेदाण्याने मूत्रपिंडं जातात म्हणे कुत्र्याची. मला माहीतच नव्हतं.’

मी चहाचा घोट जरा लांबवला. सत्यनारायणाच्या दिवशी चांगला मूठभर शिरा मी द्रोणात घालून याच भिंतीवर ठेवला होता, खंड्याला म्हणून. बेदाणे भरपूर. आधी कावळ्याने येऊन द्रोण पाडला म्हणून, नाहीतर आज या गप्पा झाल्या नसत्या. वहिनींना यातलं काही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

‘सर्वांत अवघड काय वाटलं?’ मी विषय पुढे ढकलला.

‘ये. म्हणजे यू यू. त्याचा एक नियम आहे. बोलावल्यावर आला की काहीही झालेलं असो, रागवायचं नाही. चप्पल फाडून आला तरी आधी शाबासकी. आणि आंघोळीला, नखं कापायला कधी हाक मारून बोलवायचं नाही, आपण जाऊन आणायचं. एकदा का त्याला कळलं की हाकेला गेलं की वाईट होतं, की संपलं.’

‘आपली आई म्हणायची तसं. इकडे ये, काही करत नाही मी तुला.’

‘आणि गेलं की पाठीत!’ वहिनी हसता हसता भिंतीला टेकल्या. ‘म्हणूनच मी अजून कुणी बोलावलं की आधी विचारते, काय काम आहे.’

वर्गमित्रांची हकिगत मी खोदून काढली. एका वकीलसाहेबांचं लॅब्रॅडॉर, वजन वकिलांएवढं. एक हस्की, त्याच्या खोलीला वेगळा एसी, तरी बिचारा ऑक्टोबरात जीभ काढून. एक बीगल होतं. त्याच्याबद्दल बोलताना वहिनींचा सूर बदलला. एका रविवारी नवरा घेऊन यायचा, पुढच्या रविवारी बायको. दोघांचं कोर्टात चाललंय. त्याचा शब्द वेगळा, हिचा वेगळा, आणि सर दोघांना वेगवेगळं समजावतात की एकच शब्द ठरवा. बीगल आपला दोन्ही शब्दांना बसायचा.

‘हं, आता परीक्षेचं सांगा. जिलबी कुठून आली?’

‘अहो, लॉनवाल्याने मुहूर्ताचं लग्न घेतलं आणि आम्हाला पार्किंगमध्ये ढकललं. थांबची परीक्षा. बैस म्हणायचं, थांब म्हणायचं, दहा पावलं लांब जायचं, एक मिनिट. सगळी कुत्री ओळीने बसलेली, आणि नवरदेवाचा घोडा आला की फाटकातून! मागे बँड. नागीणची धून! हस्की गाडीखाली. लॅब्रॅडॉर वकिलांसकट भटारखान्याकडे. आणि आमचा खंड्या बसलेला. कानसुद्धा हलवला नाही.’

‘काय सांगता!’

‘सर म्हणाले, तीन ते साधारण चौदा आठवड्यांचं असताना पिल्लाच्या कानावर जे पडतं, डोळ्यांसमोर जे येतं, त्याला ते पुढे सहसा बिचकत नाही. हा जन्मला कुठे? कार्यालयाच्या मागे, ऐन लग्नसराईत. आबा म्हणाले, अहो, माहेरचा बँड तो! मग सरांनी मुलाला सांगितलं, आता बोलवा. त्याने यू यू केलं. खंड्या उठला, शेपूट हलवली, आणि निघाला तो थेट माहेरच्या स्वयंपाकघराकडे. मागे मुलगा, त्याच्या मागे आबा. जिलबीचं ताट कुणाच्या हातून पडलं ते मी बघितलं नाही. मुलाने दोर पकडून खेचला तर आबा ओरडले, ओढू नकोस, ढिला सोड, तू ओढलंस की तोही ओढणार. मुलगा म्हणाला, हो आबा.’

‘बरं मग?’

‘मग काय मग? एकमेकांशी बोलले ताई. मी तिकडे लांब खुर्चीवर बसलेले.’

आम्ही दोघी जरा वेळ आबांच्या लेंग्याकडे बघत राहिलो.

‘निकाल काय?’

‘बैस पास, थांब पास. येमध्ये नापास. पुढच्या पितृपक्षात फक्त येला बसवा म्हणाले.’

‘आणि ते... बिल्डरचं?’

वहिनी काही बोलणार तेवढ्यात आत पेन वाजलं आणि आमच्या पायांशी, म्हणजे भिंतीच्या त्यांच्या बाजूला, पेंगत पडलेला खंड्या ताडकन उठला. दाराकडे निघालासुद्धा. मला दुधाची आठवण झाली.

‘बस हो वहिनी,’ मी कप उचलला, ‘निघते, उन्हं आली डोक्यावर.’

खंड्या अर्ध्या वाटेत थांबला. वळला. आणि माझ्याकडे तोंड करून, मान वर काढून, बूड टेकून बसला. आत पेन वाजतच होतं. तो हलला नाही. माझ्या हातात रिकामा कप.

‘अहो, बघताय काय?’ वहिनी म्हणाल्या. ‘गाजर-बिजर काही आहे का घरात? पळा. एका सेकंदात द्यायचं असतं.’