लिंक नको, माणूस पाठवा

नाशिकजवळच्या सातपूरच्या मनपा शाळेत पहिलीला बसणारी बरीच मुले एमआयडीसीत पोट भरायला इथे आलेल्या घरांतली. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी अहिराणी, कुणी मराठवाड्यातून कालपरवा आलेले. आई-बाप पाळीवर. या सगळ्यांना मराठी वाचते करायचे, आणि ते एकट्या बाईंनी.

बाई फळ्यावर 'डोळा' लिहितात. खानदेशातल्या घरचा मुलगा वाचतो, 'डोया'. चुकला का? अजिबात नाही. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. त्याने अक्षर ओळखले, अर्थ लावला आणि शब्द आपल्या घरच्यासारखा उच्चारला. भोजपुरी घरातली मुलगी 'शाळा'चे 'साला' करते, वर्ग खो-खो हसतो आणि ती पोर त्यानंतर तोंडच उघडत नाही. तिसरा मुलगा धडा घडाघडा म्हणतो. त्याचे बोट मात्र भलत्याच ओळीवर असते, कारण त्याने पान पाठ केलेले आहे. पहिल्या दोघांना 'वाचन कच्चे' आणि तिसऱ्याला 'छान' असा शेरा मिळाला, तर या तिघांतला वाचता न येणारा एकमेव मुलगा सुखरूप दुसरीत जातो.

हे ओळखणे वर्गातच शिकावे लागते, कुणीतरी जाणते शेजारी बसून. आणि आपली लिपी काही सोपी नाही. चौतीस-पस्तीस व्यंजने, प्रत्येकाची चौदाखडी, म्हणजे चारशेच्या वर अक्षररूपे. जोडाक्षरे वेगळीच. त्यातही 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च लिहायला एक, म्हणायला दोन.

मग बाईंच्या मदतीला काय येते? लिंक येते. दीक्षा अ‍ॅप २०१७ पासून आहे. पायाभूत साक्षरतेचे निष्ठा प्रशिक्षण झाले, तेही ऑनलाइन. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण लिहिलेले आहे. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झाले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे ठरले. ध्येय उत्तम आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण बाईंच्या मोबाइलवर पडतात ते निरोप बघा: आज पाचपर्यंत माहिती भरा, फोटो अपलोड करा, प्रमाणपत्र डाउनलोड करा. शिवाय १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) पास होणे भाग आहे. परीक्षा घ्या, जरूर घ्या. पण बाईंना तपासायला इतकी माणसे असताना त्यांना शिकवायला एकही का नसावे?

याच सातपुरात नव्या पोराला सीएनसी मशीनवर एकटे सोडत नाहीत. जुना ऑपरेटर शेजारी उभा राहतो, हात कुठे ठेवायचा ते दाखवतो, बिघडलेला जॉब हातात घेऊन का बिघडला ते सांगतो. सहा वर्षांच्या चाळीस मुलांपुढे मात्र आपण नव्या शिक्षिकेला पहिल्या दिवसापासून एकटीला उभे करतो.

वाचन नीट शिकवण्याचे काम महाराष्ट्रात करून दाखवलेले आहे. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि मुलांच्या बोलण्यापासून सुरुवात करून, अक्षरांचे छोटे गट करत वाचन शिकवण्याची रीत बसवली. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था शिक्षकांच्या सोबतीने हेच काम करते. मराठी आणि कन्नड मुले वाचायला कशी शिकतात याचा कित्येक वर्षांचा अभ्यास वाडा आणि कर्नाटकातल्या यादगीर इथे झाला, आणि अक्षरे पक्की व्हायला पहिलीचे एक वर्ष पुरत नाही हे त्यात दिसले. सातपूरच्या किती शिक्षकांपर्यंत हे पोचवले आपण?

यंत्रणा कागदावर आहेच. केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषद आहे, शहर साधन केंद्र आहे, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) आहे. केंद्रप्रमुखांना टपालातून सोडवा आणि वर्गात मागच्या बाकावर तासभर बसू द्या. मग त्यांनी बाईंशी फक्त तीन मुलांबद्दल बोलावे: हा का अडला, उद्या याला काय द्यायचे. शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी मुलांच्या वह्या उघडा. गोष्टीच्या पुस्तकांचे कपाट उघडा, पुस्तके फाटली तरी चालतील. सीएसआरच्या पैशातून भिंती बऱ्याच रंगल्या. आता त्यातून पहिली-दुसरीच्या वर्गांना छोटी, मोठ्या अक्षरांची, ढीगभर पुस्तके मिळू द्या.

आणि तीस-तीस वर्षे पहिली शिकवून निवृत्त होणाऱ्या बाई? त्यांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतो. शेकडो मुलांना वाचते कसे केले, हे कुणी त्यांना विचारून लिहून घेत नाही. सातपूरमधल्या अशा दोन-तीन बाईंना मानधन देऊन आसपासच्या शाळांत फिरते ठेवा. नव्या शिक्षिकांनी शनिवारी त्यांच्याबरोबर बसावे. येत्या जूनपासून सुरू करता येईल. अट एकच घाला: शनिवारी कोणत्याही कार्यालयाने शाळेकडे माहिती मागायची नाही.