पथ्यवाले बापू

शेलूबाजारच्या चौफुलीवर बाकीचे लोक चहा सांगतात. बापू घोषणा करतात. "एक बिनसाखरेचा!" ही घोषणा मंगरूळपीरच्या बाजूला उभ्या असलेल्या काळीपिवळीच्या मागच्या सीटपर्यंत पोचली पाहिजे, या बेतानं दिलेली असते. चहा आला की बापू कपात डोकावतात, वास घेतात, टपरीवरच्या पोराकडे संशयानं पाहतात आणि मग समाधानानं समोसा उचलतात. कुणी टोकलंच तर उत्तर तयार. "समोशात साखर असते काय बे? तिखट हाय थे!"

मैदा आणि आलू पोटात गेल्यावर त्यांचं काय होतं, हा प्रश्न बापूंच्या हद्दीबाहेरचा आहे. त्यांच्या लेखी शुगर जिभेवरून आत शिरते. जिभेला गोड लागलं नाही म्हणजे ती शिरलीच नाही.

बापू हे काही एकटे गृहस्थ नव्हेत. कारंज्याहून मालेगावला निघालेल्या बसमध्ये प्रत्येक थांब्यावर एक तरी बापू चढतो. देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक आहेत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली आलेल्या पाहणीत निघालं. पेपरात ते वाचून घरचे हादरले, बापू मात्र खूश झाले. "धा कोटी! पक्ष काढला त सरकार येते आपलं."

या पक्षात ते आले मात्र नाइलाजानं. शुगर हा शेठलोकांचा, पोट सुटलेल्यांचा रोग, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि ते स्वतः किडकिडीत. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या तेव्हा त्यांनी कमरेला टेप लावला. टेप ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला. बापू म्हणाले, बंडी जाड आहे. बंडी काढली. टेप तिथंच. हातापायाच्या काड्या आणि मधे टोपल्याएवढं पोट, हा आपला खास देशी नमुना. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तो साऱ्या जगाला दाखवला, तोही स्वतःच्याच अंगावर. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. उंची-वजनाचा हिशेब दोघांचा एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. कुणीतरी बापूंना ही गोष्ट सांगितली. त्यांनी तेवढ्यातून एकच गोष्ट उचलली. आपली केस लंडनपर्यंत गेलेली आहे.

तपासणीला बापू परीक्षेसारखं जातात. आधीचे दोन दिवस काकडी, मुळा आणि पहाटे समृद्धीच्या इंटरचेंजपर्यंत पायी फेरी. मग उपाशीपोटीची शुगर जेमतेम पास होते आणि त्या दुपारीच निकालाचे पेढे. वाशिमच्या डॉक्टरांनी हा अभ्यास ओळखला आणि एचबीएवनसी लिहून दिली. तांबड्या पेशीला चिकटलेली साखर तिथं मोजतात. पेशी जगते सुमारे १२० दिवस, म्हणजे दोन दिवसांचा मुळा तिच्या गणतीतच नाही. रिपोर्ट आला ८.९. बापूंनी तो घडी घालून खिशात ठेवला. "सातबारा हाय हा, भाऊ. तलाठ्यालेही खोडता येत नाई." तेव्हापासून ते कोणाच्याही घरी गेले की आधी यजमानाची एचबीएवनसी विचारतात. स्वतःची सांगत नाहीत.

मग पथ्यांचा हंगाम सुरू झाला. कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बियांची पूड झाली. साखरेऐवजी गूळ झाला, कारण गूळ 'नैसर्गिक' असतो. रक्ताला मात्र तो साखरेचाच सख्खा भाऊ वाटतो. मग गावोगाव गाजलेलं डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवणाचं तंत्र आलं. जेवण पंचावन्न मिनिटांत उरकायचं, असा तो नियम. पंचावन्न मिनिटं ही त्यातली कमाल मर्यादा. बापूंनी ती किमान धरली. एरवी पंधरा मिनिटांत उठणारा माणूस घड्याळ समोर ठेवून बसू लागला. "अजून बावीस मिनिटं हायेत, वाढ."

या तंत्राचा एक प्रयोग अंगाशी आला. शुगरची गोळी घेऊन, नाश्ता बुडवून बापू सोयाबीनच्या काढणीवर गेले. अकराच्या सुमारास घाम फुटला, हात थरथरले, मजूर दोन-दोन दिसू लागले. मुलानं मशीन लावलं तर आकडा ७० च्या खाली. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. तसं केलं आणि बापू सावरले. गोळी घेणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता जेवण बुडवायचं नसतं, हे डॉक्टरांनी नंतर चांगलं कान उपटून सांगितलं. बापूंच्या ध्यानात राहिला तो वेगळाच भाग. साखर खाण्याला कायद्यात एक वाट आहे!

त्यानंतर बापूंना लग्नाच्या पंगतीत थरथर सुटू लागली. वरण-भात, वांग्याची भाजी, पुऱ्या येईपर्यंत प्रकृती ठणठणीत. जिलेबीचं ताट चार पानं दूर असलं की हात कापायला लागायचे. "पोरा, मले कसंतरीच होऊन रायलं..." वाढपी घाबरून तीन चमचे साखरेच्या जागी तीन वेढे टाकायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हेही बापू पाळत. मोजण्याऐवजी वाढून घेत, इतकाच फरक.

एकादशीला तर ते साक्षात निर्दोष. सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी साबुदाण्याची उसळ, संध्याकाळी भगर. शंभर ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमांहून जास्त पिष्ट असतं आणि बाकी सांगण्यासारखं काहीच नसतं. रात्री मशीन २८० दाखवतं. "दिवसभर उपाशी माणसाले दोनशेऐंशी? मशीन बिघडली." दुसऱ्या दिवशी सेल बदलतात.

खरा कारभार काकूंच्या हातात आहे. कर्बोदक हा शब्द त्यांनी कधी उच्चारलेला नाही. त्या 'पीठ' म्हणतात. ज्वारीची भाकर म्हणजे औषध, ती कितीही चालते, असा बापूंचा सिद्धांत. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं, गव्हाच्या पिठात सुमारे ६४. ज्वारी चांगलीच, पण तीन भाकरी म्हणजे तीन भाकरी. काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी उंडा लहान केला. दर आठवड्याला चिमूटभर पीठ कमी. भाकरीचा घेर तोच, जाडी उतरत गेली. भाकरीच्या आधी ताटात काकडीची कोशिंबीर, अंबाडी नाहीतर चवळीच्या शेंगांची भाजी, मोठी वाटी भरून मुगाची उसळ. भाकर शेवटी, भात वाटीनं मोजून. रोडग्यांच्या दिवशी बापूंच्या पानात एक रोडगा आणि भाजी दुप्पट. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.४ आली. बापूंनी चौफुलीवर सांगितलं, "कारल्याची कमाल हाय."

काकूंना तेही चाललं. पंगतीतली थरथर मात्र त्यांना चालेना. परवाच्या लग्नात बायकांच्या पंगतीत त्यांची नजर पुरुषांच्या रांगेवरच होती. जिलेबी आली, बापूंचा हात कापू लागला आणि काकू पिशवी घेऊन समोर उभ्या. पिशवीतून मशीन निघालं.

"बोट द्या."

"अवं, लोकं पाहून रायले..."

"पाहू द्या. कमी असली त मीच वाढतो."

सुई टोचली. रांगेतली सगळी माणसं जेवण थांबवून आकड्याची वाट पाहू लागली. एकशेअठ्ठ्याऐंशी! काकूंनी मशीन बापूंच्या शेजाऱ्याला दाखवलं, पलीकडच्यालाही दाखवलं आणि मशीन पिशवीत टाकून त्या आपल्या पानावर जाऊन बसल्या.

बापूंची थरथर जागच्या जागी थांबली. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन अजून तसाच उभा. बापूंनी घसा साफ केला, "मले मठ्ठा आन," म्हणून त्याला पुढं घालवलं आणि शेजाऱ्याच्या पानातल्या चार वेढ्यांकडे पाहत म्हणाले, "यात मैदा असते बरं, भाऊ. तुमची एचबीएवनसी किती हाय?"