बेताच्या पाण्याचे आबा

खटाव, माण, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. या पट्ट्यात पाण्याबद्दल वाकडं बोलणारा माणूस सापडायचा नाही. वळवाची नुसती सर आली तरी घरंच्या घरं अंगणात येऊन उभी राहतात. अशा मुलखात तलाव उतरायला लागला की मनातून खूश होणारा एकच इसम गावात असतो, तलावातल्या माशांचा ठेका घेतलेले आबा. कुठं त्यांना तात्या म्हणतात, कुठं अण्णा. पण तलाव आहे तिथं हे गृहस्थ आहेतच.

आबांनी पाणी घेतलेलं नसतं, फक्त मासे घेतलेले असतात. मच्छीमार सोसायटीच्या नावानं पाच वर्षांचा ठेका, पावसाळ्यात सोडलेली बोटुकली आणि मग सहा-सात महिने नुसतं पाण्याकडं बघत बसणं. उसाच्या धन्याला ऊस दिसतो, द्राक्षवाल्याला घड दिसतात. आबांना लाटा दिसतात. तरी "आत किती माल असेल?" असं विचारा, गडी अडखळायचा नाही. "चार टन." गेल्या वर्षी विचारलं होतं तेव्हाही चार टनच होता, आणि मधल्या काळात तीनदा जाळं लागून गेलं होतं.

शिमग्याच्या सुमाराला त्यांचा हंगाम सुरू होतो आणि पंचाईतही. भरल्या तलावात जाळं तळाला पोचत नाही. रोहू वरून उडी मारून जातो, मृगळ खालून निसटतो. पाणी उतरलं की मासा एका जागी गोळा होतो. पण फारच उतरलं तर ते उन्हानं तापतं, त्यातला प्राणवायू कमी पडतो आणि एखाद्या पहाटे सगळा माल पृष्ठभागावर तोंडं काढून आ वासत राहतो. म्हणून आबांना पाणी हवं ते बेताचं. पुरुषभर खोल, त्याच्या वर नको आणि खाली तर नकोच. गावात हे बोलायची सोय नाही. पारावर सगळे हळहळतात, "औंदा तलाव लवकर बसला," तेव्हा आबाही मान हलवतात, "लई वाईट झालं बघा" म्हणतात आणि घरी येऊन जाळ्याची भोकं शिवायला बसतात.

रोज सकाळी ते बांधाच्या पिचिंगचे उघडे पडलेले दगड मोजतात. मग फुटबॉल मोजतात. मोटारीच्या पाइपाच्या टोकाला पाण्यात असतो तो फुटबॉल. कुणाचा रातोरात दोन पावलं आत सरकला, कुणी पाइपाला नवा तुकडा जोडला, सगळं तोंडपाठ. एकदा त्यांनी पाण्याबाहेर काढून ठेवलेला एक फुटबॉल मला दाखवला. त्याच्या जाळीला बोटाच्या पेराएवढं पिल्लू चिकटून मेलं होतं. आबांनी ते नखानं अलगद सोडवलं, तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं. "सायपरनस," ते म्हणाले. "हितंच जलमलं."

या सायप्रिनसवर त्यांचा विशेष जीव. कटला, रोहू आणि मृगळ साठल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पियूषिका ग्रंथीचं इंजेक्शन देऊन त्यांना तळ्यात वीण करायला लावली आणि मत्स्यबीज हुकमी मिळायला लागलं. मिळतं म्हणजे विकत मिळतं. सायप्रिनस मूळचा परदेशी, पण थंडी सरता सरता काठच्या पाणगवताला अंडी चिकटवून मोकळा होतो, कुणाला तोशीस नाही. "ह्यो तेवढा घरचा," आबा म्हणतात. "बाकीचं समदं जावई. दर साली मान देऊन आणायचं."

आबा स्वतः माळकरी. आषाढीची वारी चुकवत नाहीत. मासा कसा लागतो हे त्यांना ऐकूनच ठाऊक. "मी मासं खात न्हाई, मासं मला खात्यात," हे त्यांचं नेहमीचं. पण खाणाऱ्यांचं पंचांग त्यांच्याइतकं भटजींनाही पाठ नसेल. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी संकष्टी आली की तोही गेला. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. धुळवडीला मटण. रंगपंचमीला बावधनचं बगाड, त्या तालुक्याकडं वळायचंच नाही. चैत्रात गावोगावच्या जत्रा, आणि जत्रेत बोकडापुढं माशाला कोण विचारतो? जाळ्याचा दिवस धरायचा तर हे सगळं टाळून, शेजारच्या गावचा आठवडी बाजार साधून धरावा लागतो. त्यापेक्षा लग्नाचा मुहूर्त लवकर निघतो.

रविवारी फायबरचे गळ घेऊन हौशी मंडळी येतात. "धरत नाही आबा, नुसतं बसलोय." आबा भांडत नाहीत. त्यांच्या डब्यातला कणकेचा गोळा उचलून हुंगतात. शेंगपेंड, थोडी बडीशेप. "रोहूचा बेत दिसतोय," म्हणतात आणि अगदी आपुलकीनं सल्ला देतात, "हितं नगा बसू पाव्हणं, ऊन लागंल. तिकडं बाभळीखाली बसा, लई मासा हाय." बाभळीखाली गुडघाभर पाणी असतं आणि बेडूक असतात.

पक्षी बघणाऱ्यांशी मात्र त्यांचं जमत नाही. मायणीला, येरळवाडीला रोहित पक्षी उतरतात, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही, तो बिचारा शेवाळ आणि किडेमकोडे खातो. पण पाणकावळा पंख पसरून खडकावर बसला आणि कॅमेऱ्यांची कटकट सुरू झाली की आबांचा जीव वरखाली होतो. "काढा की फोटू. त्येच्या नरड्यात काय हाय त्येचाबी काढा येक."

खरी कसोटी वैशाखात. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ या योजना. त्यांचं आवर्तन सुटतं, पाणी तलावात येऊन पडतं आणि सारं गाव हलगी घेऊन काठावर जमतं. यंदाही तसंच झालं. आबांचं जाळं बुधवारी लागणार होतं, व्यापाऱ्याचा टेंपो ठरला होता, बर्फ सांगितला होता. पाणी आलं सोमवारी रात्री. मंगळवारी पिचिंगचे चार दगड बुडाले.

त्याच दिवशी जलपूजन. गावात तरंगणारं वाहन एकच, आबांची गुळाची जुनी काहील. महापुरात सांगलीकडं माणसं काढायला अशा काहिली वापरल्या होत्या, हे सांगून आबांनीच ती विकत घेतली होती. त्यामुळं नारळ, साडीचोळी आणि फोटोग्राफर एवढं सगळं घेऊन मधोमध जायचा मान आबांचाच. काठावरून पाहुण्यांनी माईकवर सांगितलं, "आबा, आता तुमच्या माशांची चैन झाली!" टाळ्या पडल्या. आबांनी काहिलीत बसूनच हात जोडले. फोटोत ते हसताना आले आहेत.

संध्याकाळी ते खोपटाबाहेर बसले होते. बर्फवाल्याचा फोन दोनदा वाजून गेला होता. काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांना रिचर्ड वॉकरची गोष्ट सांगितली. १९५२ साली त्यानं इंग्लंडातल्या रेडमायर नावाच्या तळ्यात गळाला ४४ पौंडांचा सायप्रिनस धरला होता.

"किलोत सांगा."

"वीस किलो."

आबा सावरून बसले. "काय भावानं गेला?"

"विकला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला. लोक बघायला यायचे. १९७१ पर्यंत जगला."

आबा काही बोलले नाहीत. मग मीच सांगितलं की तिकडं अजून अशी तळी आहेत. लोक दिवसाचे पैसे भरतात, मासा धरतात, वजन करतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात.

"त्योच मासा दुसऱ्या दिशी दुसऱ्याला?"

"तोच."

"म्हंजे येकच मासा रोज इकायचा!" आबांनी तंबाखू मळता मळता तलावाकडं बघितलं. पलीकडच्या काठाला कुणाची तरी बॅटरी चमकली आणि विझली. तसे ते उठलेच. "ब्येस हाय. पर पाव्हणं, रातीची राखण कोन करतं तिकडं?"