कोरा भाग वगळून

अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनात मराठी माणूस जपून बोलतो. न जाणो, समोरचा तो तांबडा फराटा मानवी अस्तित्वाची घुसमट निघायचा! वास्तववादी निसर्गचित्रांपुढे मात्र त्याला कंठ फुटतो. झाड, नदी, डोंगर त्याने पाहिलेले असतात. परीक्षक व्हायला आणखी काय लागतं?

मुंबईत या परीक्षकांचं हक्काचं ठिकाण म्हणजे जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ साली ती उघडली, आणि आजही काळा घोड्याच्या उन्हातून कुणीही बिनतिकीट आत शिरावं. निम्मे लोक एसीसाठी येतात आणि गार झाले की रसिक होतात.

परवा तिथे जलरंगातली निसर्गचित्रं लागली होती. मेणवलीच्या घाटापुढे घोळका. कृष्णेच्या पायऱ्या, मागे नाना फडणविसांचा वाडा, वसईच्या मोहिमेतून आलेली ती प्रसिद्ध घंटा. एवढा ऐवज समोर असून ओळख पटली ती, "अगं, हा तर 'स्वदेस'मधला घाट!" अशी. मग आपण फोटो नेमका कुठे उभं राहून काढला होता, याचा तपास सुरू झाला. चित्रकार "काचेला हात नका लावू" म्हणेपर्यंत एका काकूंचं बोट तिसऱ्या पायरीवर पोचलं होतं.

एक काका मात्र चित्राला नाक लावून उभे.

"विजेच्या तारा दिसत नाहीत?"

"घेतल्या नाहीत."

"प्लास्टिकच्या पिशव्या?"

"त्याही नाहीत."

"मग हे वास्तववादी कसं?"

चित्रकार हसला. वास्तववाद्याची निम्मी कला वगळण्यातच असते. कुठल्याही स्वच्छता मोहिमेला न जमलेलं काम तो एका बैठकीत उरकतो. त्यातून जलरंग म्हणजे आणखी पंचाईत. त्यात पांढरा रंग सहसा वापरतच नाहीत. कागद कोरा सोडायचा, तेच ऊन. चित्रातल्या देवळाच्या शिखरावर जे झळझळत होतं, तो निव्वळ कागद होता. ती जागा आधीच मनात राखून भोवतीने ब्रश फिरवायचा. ओला रंग चुकून आत शिरला, की ऊन गेलंच.

हे सगळं त्याने जीव तोडून समजावलं. काकांनी मान डोलावली, किमतीची चिठ्ठी वाचली, पुन्हा शिखराकडे पाहिलं.

"म्हणजे इथे तुम्ही काहीच केलेलं नाही?"

"नाही. तेच तर अवघड असतं."

"मग तेवढा भाग वगळून कितीला पडेल?"