मायक्रॉनराव

भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंगची शॉपं गल्लोगल्ली आहेत. त्यांचे मालक ओळखणं अवघड नाही. सात टाक्यांच्या वाफेत उमेदवारी केलेला माणूस आधी तुमच्या हातातला जॉब बघतो आणि मग तुम्हाला. आमचे मायक्रॉनराव जॉब बघून झाल्यावरही तुम्हाला बघतीलच याची खात्री नाही. त्यांचं खरं नाव चलानावरच्या शिक्क्यात आहे, ते तिथंच असू द्या. अख्खी गल्ली त्यांना मायक्रॉनराव म्हणते आणि ते ओ देतात.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ढोबळमानानं ७० मायक्रॉन भरतो. त्याहून फार जाड गोष्टींत त्यांना रस नाही. राजकारण, पाऊसपाणी, जावयाची नोकरी हे सगळं त्यांच्या लेखी फार जाड.

चष्म्याच्या डबीत ते थर मोजायचं मीटर ठेवतात. चष्मा शर्टाला लटकतो. लोखंड दिसलं की मीटर टेकवायचं, हा हाताचा गुण झालाय. लिफ्टचं दार, बँकेतलं कपाट, देवळाची ग्रिल, काही सुटत नाही. मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी कार्यालयातल्या खुर्चीला मीटर लावलं आणि खिन्न होऊन म्हणाले, "पस्तीस! निदान साठ तरी हवे होते." पलीकडे व्याही उभे होते. ते तडक आचाऱ्याकडे गेले आणि पंचवीस पानं वाढवून आले.

या मीटरपायी त्यांना बाहेरही मागणी असते. माझ्या मेहुण्यानं जुनी गाडी घ्यायचं काढलं तेव्हा आम्ही त्यांना सोबत नेलं. विकणारा तयारीचा होता. "लेडी डॉक्टरची गाडी आहे साहेब. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर." मायक्रॉनराव काही बोलले नाहीत. बॉनेटवर मीटर टेकवलं : ११२. टप : १०८. "कंपनीचा रंग." पुढचा डावा दरवाजा : ११८. विकणारा खुलला, चहा सांगितला. मागचा उजवा दरवाजा : २६०. "हा एकदा रंगवलाय." चहा आला. मग मागच्या चाकावरच्या पत्र्यावर मीटर टेकवलं, तर आकडा ११५० वर गेला. मायक्रॉनरावांनी बोटाच्या पेरानं तिथं टकटक केली, कान लावला आणि एकच शब्द उच्चारला : "लांबी!"

"म्हणजे?" मेहुणा.

"पत्रा आत गेलेला, वरून लांबी भरलीय. डॉक्टरीणबाईंना टेम्पोनं मागून ठोकलंय."

"टेम्पोनंच कशावरून?"

"उंचीवरून."

व्यवहार अर्थातच मोडला. विकणारा भांडेल असं वाटलं होतं. पण त्यानं आम्हाला फाटकाशी गाठलं आणि हळूच म्हणाला, "काका, आत अजून दोन उभ्या आहेत. त्यांनाही लावता का मीटर? मी काय घेऊन बसलोय ते मलाच कळत नाही." मायक्रॉनराव तासभर आत होते. मेहुण्यानं शेवटी नवी गाडी घेतली, हप्त्यानं.

त्यांच्याकडे जॉब घेऊन गेलात आणि आधी रंग सांगितलात, तर संपलात. "रंगाचं नंतर. खाली काय आहे?" खाली म्हणजे तेल, गंज, वेल्डिंगची काजळी. सात टाक्यांतून जॉब फिरतो तो याचसाठी : तेल काढा, धुवा, गंज काढा, धुवा, फॉस्फेट चढवा, पुन्हा धुवा. मग गनमधून विद्युतभार घेतलेली पावडर, मग १८०-२०० अंशांची भट्टी. गिऱ्हाइकाला दिसते ती शेवटची पाच मिनिटं. मायक्रॉनराव बिल लावतात ते आधीच्या दीड तासाचं. तिथंच खटके उडतात. आतल्या कोपऱ्यात पावडर बसली नाही म्हणून एक सुपरवायझर जॉब परत घेऊन आला, तेव्हा त्याला स्टुलावर बसवून ऐकवलं, "बंदिस्त खोबणीत विद्युतक्षेत्र शिरत नाही. फॅरेडेनं १८३६ साली पिंजरा करून दाखवलंय. तुमच्या डिझायनरला अजून पत्र मिळालेलं दिसत नाही."

मी शेजारी टर्निंगचं शॉप चालवतो, त्यामुळे हे रोज ऐकतो. नव्या टर्नरला ते पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतात : शाफ्टवर २० मायक्रॉन क्रोम चढवला तर व्यास कितीनं वाढेल? वीस म्हणणाऱ्याला ते वर्षभर 'वीस' अशीच हाक मारतात. थर दोन्ही बाजूंना बसतो, व्यास चाळीसनं वाढतो. माझ्याकडे सध्या असे दोन वीस आहेत.

जर्मनीचं एक आख्यान त्यांना पाठ आहे आणि सत्यनारायणाच्या साधुवाण्यासारखं ते कुठूनही सुरू होतं. माले कंपनीनं वान्केल इंजिनासाठी निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचं अस्तर काढलं, निकासिल. पोर्शनं ते ९१७ या शर्यतीच्या गाडीत घातलं, कीर्ती झाली. पुढं १९९०च्या दशकात बीएमडब्ल्यूनं आपल्या इंजिनांत घातलं, आणि काही देशांतल्या पेट्रोलमधल्या गंधकानं ते अस्तर खाल्लं. सिलिंडरचा दाब जाऊन गाड्या सुरू होईनात. "पेट्रोल! ज्याच्यावर चालायचं त्यानंच खाल्लं!" इथं ते थांबतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलंय का ते बघतात.

एवढा ताठ माणूस एकाच कारागिरापुढं वाकलेला मी पाहिलाय, तो म्हणजे कल्हईवाला. आता तो क्वचितच फिरकतो. पण आला की मायक्रॉनराव प्लांट पोरांवर सोडून घरून पातेली मागवतात. काकू पिशवी भरून देतात. त्यातली निम्मी स्टीलची असतात, कारण त्यांचंही या प्रकरणात फारसं लक्ष नसतं. पितळेचं पातेलं भट्टीवर तापतं, कल्हईवाला नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्यानं एका गिरकीत आतून चांदी फिरते. मायक्रॉनराव उकिडवे बसून पुटपुटत असतात, "२३२ अंशांना कथील वितळतं. याच्याकडे थर्मामीटर नाही, काही नाही. नवसागर म्हणजे याचं प्रीट्रीटमेंट. बघ, बघ, धुराच्या रंगावर काम चाललंय." एकदा त्यांनी तयार पातेल्याला मीटर लावायचा प्रयत्न केला. मीटर लोखंडाचं, पातेलं पितळेचं. काहीच आकडा आला नाही. कल्हईवाला म्हणाला, "शेठ, आमटी उकळून बघा, तेच मीटर." हे वाक्य आता ते ऑडिटला आलेल्या साहेबांना ऐकवतात.

अलीकडे त्यांना छळतात ती परफॉर्मन्स कोटिंगवाली पोरं. मागच्या बाजूला एक खोली आहे, तिथं मायक्रॉनराव हौसेनं इंजिनाची कामं करतात : सायलेन्सरच्या बेंडला उष्णता धरणारं सिरॅमिक, पिस्टनच्या कडेला मॉलिब्डेनम आणि ग्रॅफाइटचा पंधरा-वीस मायक्रॉनचा काळा थर. त्यांना आवडतं ते काम. पोरांची भाषा आवडत नाही. "काका, नाइन एच सिरॅमिक मारता का? हिऱ्याच्या खालोखाल असतं ना?"

"नऊ एच ही पेन्सिल आहे," मायक्रॉनराव खिशातून एचबी काढून दाखवतात. "४५ अंशात धरून घासायची, ओरखडा उठतो का बघायचं. हिऱ्याचा काय संबंध? तुझी गाडी पेन्सिलीनं ओरखडत नाही, एवढंच त्या दुकानदारानं तुला विकलंय."

असाच एक बुलेटवाला पोरगा मेकॅनिकतर्फे पिस्टन कोटिंगला पाठवून गेला. "किती हॉर्सपॉवर वाढेल?" मायक्रॉनरावांनी सांगितलं की एकही नाही, थंड इंजिन सुरू करताना पिस्टन सिलिंडरला घासतो तेव्हा हा थर मध्ये पडतो, बस. पोरानं मान हलवली, पण काही ऐकलं नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी तो काजूकतलीचा डबा घेऊन आला. "काका, पिकअप कसला आलाय! कात्रजचा घाट चौथ्यात चढली. लगेच फरक कळला."

मायक्रॉनरावांनी ड्रॉवर उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिस्टन बाहेर काढून टेबलावर ठेवला. कड काळीभोर, मॅट, एकसारखी. टॅगवर पोराच्याच गाडीचा नंबर. घाई होती म्हणून मेकॅनिकनं परस्पर दुकानातला नवा पिस्टन बसवून गाडी दिली होती, आणि सांगायचं राहून गेलं होतं.

पोरगा बराच वेळ नंबर वाचत होता. "पण काका," तो म्हणाला, "फरक तर पडलाच आहे ना?"

मायक्रॉनरावांचं लक्ष तिकडं नव्हतं. त्यांनी एक कतली उचलून उजेडाकडे धरली होती. "हा वर्ख बघ. एका मायक्रॉनच्याही आतला." मग बोट फिरवून बघितलं आणि चेहरा पडला. "पण पकड नाही. बोटाला लागून निघतोय. खालची तयारीच केलेली नाही हलवायानं."