‘बोर गेलाय’ म्हणणाऱ्या मिस्त्रींना खुले पत्र

मिस्त्री,

पत्राच्या सुरुवातीला समोरच्याची ख्यालीखुशाली विचारायची असते. मला तुमच्यापेक्षा तुमच्या शेडमध्ये घोडीवर चढवलेल्या गाड्यांची काळजी आहे, म्हणून त्यांचीच विचारतो. आज कितींचे बोर गेले?

माझ्या प्रीमियर पद्मिनीचा बोर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, तुम्ही तळहाताने मोजलात. माझी तक्रार साधी होती. इंजिन गरम झालं की गाडी स्लोवर टिकत नाही, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगपर्यंत थरथर येते, आणि वेग धरला की मात्र सुरळीत चालते. तुम्ही चालू इंजिनाचं तेलाचं झाकण काढलंत, वर पंजा धरलात, थोडी वाफ लागली आणि निकाल दिलात: बोर गेलाय, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे हेड उघडून बोर कापावा लागेल. गाडी हजार किलोमीटरला किती तेल खाते, हे तुम्ही विचारलं नाहीत. मागून निळा धूर येतो का, हे बघायला गाडीच्या मागे गेला नाहीत. प्लग काढून त्याचं तोंड तेलकट आहे की कोरडं, एवढंही पाहिलं नाहीत. चोक थोडा ओढला की थरथर थांबते, हे मी दोनदा सांगितलं. तुम्ही ‘जुनी गाडी आहे साहेब’ म्हणालात आणि पोराला हेडचे नट सोडायला सांगितलंत.

बोर झिजत नाही असं माझं म्हणणं नाही. तो झिजतो, आणि कुठे झिजतो हेही ठरलेलं असतं. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तिथे तेलाचा थर तुटतो, उष्णता आणि दाब सर्वांत जास्त असतो, म्हणून वरच्या रिंगच्या पट्ट्यात सिलिंडर सगळ्यात जास्त खाल्ला जातो. त्याच्या वर न झिजलेल्या धातूची कड उरते, ती नखाला लागते. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या तिरक्या रेट्यामुळे पिस्टन एका बाजूला जास्त घासतो आणि गोल बोर अंडाकृती होतो. म्हणूनच बोर गेजने वर, मध्ये आणि खाली, तेही क्रँकच्या रेषेत आणि तिच्या काटकोनात, अशी सहा मापं प्रत्येक सिलिंडरची घ्यायची असतात. तुमच्या फळीवर तो गेज आहे. त्याच्या डबीवरची धूळ मी पाहिली आहे.

पण तेवढं खोलण्याआधीच उत्तर मिळालं असतं. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, इग्निशन तोडायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा, कॉम्प्रेशन गेज लावून काटा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा आणि चार आकडे कागदावर लिहायचे. चारही जवळपास सारखे आणि भरभक्कम आले, तर बोरचं नाव काढायचं कारण संपलं. एखादा कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला, तर गळती रिंगांच्या बाजूने. तिथला तिथेच राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन एकदम कमी आले, तर दोघांमधल्या गॅस्केटवर पहिला संशय. आणि तेल घालून आकडा चढला तरी लगेच ब्लॉक कापायला निघायचं नसतं, कारण कार्बनने खाचेत चिकटलेल्या रिंगाही अगदी तसाच आकडा देतात. तिथे साफसफाई, नव्या रिंगा आणि हलकं होनिंग यांवर भागू शकतं.

ज्या गॅरेजात हवेचा कॉम्प्रेसर आहे, आणि तुमच्याकडे तो आहे, तिथे कानानेही कळतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची. फुसफुस तेलाच्या झाकणातून आली तर रिंग आणि बोर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. तो कॉम्प्रेसर तुम्ही टायरमध्ये हवा भरायला वापरता.

माझ्या गाडीचा रोग तर याहून वरवरचा होता. तुम्ही बोर करून दिलेली गाडी पहिल्याच सिग्नलला जशीच्या तशी थरथरली. दुसऱ्या मिस्त्रींनी आधी प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. चारही वेळा इंजिनाचे फेरे सारखेच उतरले, म्हणजे एकही सिलिंडर आळशी नव्हता. मग त्यांनी चोक ओढला, इंजिन शांत झालं, आणि त्यांनी थेट कार्बोरेटरच्या बुडाशी बोट ठेवलं. थ्रॉटलचा स्पिंडल झिजला होता, खालची फ्लँज वाकली होती, तिथून बाहेरची हवा आत शिरत होती. स्लोवर इंजिन हवा फार थोडी घेतं, त्यामुळे एवढीशी चोरटी हवाही मिश्रण पातळ करते. वेगावर तीच हवा कुठल्या कुठे मिसळून जाते. चोकने पेट्रोल वाढलं की थरथर थांबायची ती यामुळेच. झिजलेला बोर चोक ओढून बरा होत नाही, मिस्त्री. तोच कार्बोरेटर तुम्ही काढलात, पुसलात आणि जसाच्या तसा परत बसवलात.

ताप आलेल्या माणसाचा पाय कापावा तसं हे काम झालं. या इंजिनाचा बोर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. तुम्ही त्यातला धातू कापून काढलात. तो परत भरता येत नाही. एक ओव्हरसाइझ गेला, पुढे आणखी एखाद-दुसरा, आणि मग स्लीव्ह. कुर्ल्याच्या कारखान्यात आता असे ब्लॉक ओतले जात नाहीत. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. उरलेल्या गाड्यांमध्ये मूळ मापाचा ब्लॉक असणं ही जपायची गोष्ट आहे, आणि ती तुम्ही वाफेवर उडवलीत.

आणखी एक गोष्ट मला बिलापेक्षा जास्त लागली आहे. गाडी देताना तुम्ही एअर फिल्टर डिकीत ठेवलात आणि म्हणालात, ‘याच्याशिवाय चालवा, पिकअप वाढतो.’ रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, ते बिडाच्या धातूपेक्षा कठीण असतात. ते रिंग आणि सिलिंडरच्या मध्ये गेले की साणेचं काम करतात. म्हणजे माझा धडधाकट बोर तुम्ही कापलात, आणि नवा बोर खराब व्हायची सोयही स्वतःच करून दिलीत. तुमच्या सल्ल्याने किती जणांनी फिल्टर काढले असतील आणि दोन-तीन वर्षांनी खरोखरच निळा धूर घेऊन तुमच्याच दारात परत आले असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

तुमचा हात चांगला आहे, हेही लिहितो. होनिंगच्या रेघा नीट पडल्या आहेत, हेडचे नट क्रमाने आवळलेले आहेत, तेल कुठे पाझरत नाही. इतका चांगला हात असलेल्या माणसाने पंधरा मिनिटं गेज लावायचं टाळावं, याचा राग जास्त येतो. अडाणी माणसाला मी पत्र लिहिलं नसतं.

माझ्या दोन मागण्या आहेत. माझे जुने चार पिस्टन रिंगांसकट परत करा. ते भंगारात गेले नसतील तर त्यांच्या खाचा आणि स्कर्ट मोजून मी तुम्हाला मापं कळवतो. आणि यापुढे ज्या गाडीचं हेड उघडाल, तिच्या बिलावर उघडण्याआधीचे कॉम्प्रेशनचे आकडे आणि उघडल्यावरची बोरची मापं लिहून द्या. मालकाची सही त्या आकड्यांखाली घ्या आणि मगच ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवा.

पद्मिनीचा मालक